कान देऊन ऐकणारी सून

आमच्या गल्लीत हल्ली कुत्रंसुद्धा विचार करून भुंकतं. खोटं वाटत असेल तर एकदा गडहिंग्लजला येऊन बघा. पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांनी कामासकट माणसं घरी पाठवली ती कायमचीच. त्या माणसांनीही विचार केला, की घरीच बसायचं तर शहरातल्या धुरात कशाला, नदीकाठच्या गावात बसू. मग आमच्या गावानं त्यांच्यासाठी शांत गल्ल्या काढल्या. हॉर्न बंद, बँड मुख्य रस्त्यापर्यंतच, भाजीच्या गाडीवर आरोळीऐवजी हिरवा दिवा. दर तिसऱ्या घरात कुणीतरी कानाला काहीबाही लावून बसलेलं असतं आणि खोलीच्या दारावर तांबडा दिवा लावलेला असतो. दिवा लागला की त्या माणसाला हाक मारायची नाही. हा नियम गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी निमूटपणे शिकून घेतला. माझ्या सासूबाई सोडून.

मी मूळची पुण्याची, म्हणजे तोंडानं फटकळ. नवरा महांतेश इथलाच. निपाणीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, सकाळच्या गाडीनं जातो आणि दिवेलागणीला परत येतो. दिवसभर घरात मी आणि आई. मी आतल्या खोलीत बसून एका जर्मन कंपनीच्या गोदामांची वेळापत्रकं जुळवणार, आणि आई बाहेर सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून काहीतरी निवडत, सोलत, देठं काढत असणार. मध्ये एक भिंत आणि एक अर्धवट लोटलेलं दार. सासरे गेल्यापासून आईंना बोलायला कुणी उरलं नव्हतं, आणि बोलल्याशिवाय तर त्यांचा दिवस ढळत नसे.

"मृणाल, कढीपत्ता आणलास का गं?" ऐन मीटिंगमध्ये.

"मृणाल, त्या नीलव्वाच्या पोरीचं ठरलं म्हणं!" पगाराची चर्चा चालू असताना.

एकदा मी चिडून बाहेर आले आणि म्हणाले, "आई, मी घरी असले तरी घरी नसते, हे तुम्हाला कधी कळणार?"

आईंनी हातातली गवार खाली ठेवली. "घरात बसलीया आणि घरात न्हाई म्हणती. भूत हाईस व्हय तू?"

त्या आठवड्यात आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. भांडं आपटण्यात मात्र दोघी सारख्याच पटाईत निघालो.

त्याच सुमारास कंपनीनं आम्हा सगळ्यांना गळपट्टी दिली.

गळपट्टी म्हणजे दोन बोटं रुंदीची, कातडीच्या रंगाची पट्टी. ती गळ्याला चिकटवायची. आपण मनातल्या मनात शब्द जुळवतो ना, ओठ न हलवता, तेव्हाही जिभेच्या मुळाशी आणि गळ्याच्या स्नायूंत बारीक विजेचे संदेश धावत असतात. पट्टी ते वाचते, त्यांचे शब्द करते आणि तुमच्याच आवाजात पलीकडे पोचवते. म्हणजे मी मीटिंगमध्ये तावातावानं भांडत असले तरी खोलीत चिडीचूप. सगळ्या गावाला एकदम मौनव्रत लागलं ते या पट्टीमुळं.

पुढची सुधारणा आली तीच माझ्या गळ्याशी आली. पट्टीजवळ तुमचा आवाज तर होताच. मग कुणा हुशार माणसानं विचार केला, की घरच्यांना उत्तरं देण्याचं कामही हिलाच का देऊ नये? उत्तरं म्हणजे काही मोठी नाहीत. आपण एखाद्याचं ऐकताना मध्ये मध्ये "हं", "बरं", "अगं बाई", "बघू", "मग?" म्हणतो, तेवढंच. त्या शब्दांत अर्थ फारसा नसतो, पण त्यांची वेळ असते. बोलणाऱ्याचा आवाज जरा उतरतो, श्वास घ्यायला तो अडखळतो, आणि नेमका त्याच क्षणी हुंकार पडावा लागतो. लवकर पडला तर घाई वाटते, उशिरा पडला तर लक्ष नाही असं वाटतं. संशोधकांना असं दिसलं, की हुंकार वेळेवर पडले तर माणूस मोकळेपणानं बोलत राहतो आणि आपल्याला समजून घेतलं म्हणून समाधानानं उठतो. ऐकणाऱ्याला काही समजलं की नाही, त्याचा या समाधानाशी संबंध नसतो. महांतेशला ही गोष्ट फार गमतीची वाटली. मला सोयीची वाटली.

दाराच्या चौकटीवर सुपारीएवढा स्पीकर बसवला. आवाज माझ्या खुर्चीतूनच येतोय असं सोप्यावर वाटायचं. माझ्या कानावर बाहेरचं सगळं बंद करणारे हेडफोन. खरंच काही तातडीचं असेल तर पट्टी गळ्यावर थरथरणार. तातडी ओळखायची खूण म्हणजे आवाज चढणं, कापणं, बोलण्याचा वेग वाढणं आणि आग, रक्त, पडले, धावा असले शब्द. रोज संध्याकाळी फोनवर एक ओळ यायची: आईंशी गप्पा. स्वयंपाक, शेजार, जुन्या आठवणी. तातडीचं काही नाही. बोललेलं काही साठवून ठेवत नसत, कारण घरातल्या माणसाचा खासगीपणा जपायचा होता!

आणि पट्टी काम चोख करायची, नाही असं नाही. एकदा आई किंचाळल्या तशी ती थरथरली, मी मीटिंग टाकून धावले, तर दुधात पाल पडली होती.

महिन्याभरात घरात जादू झाली. आईंचा माझ्यावरचा राग कुठल्या कुठं पळाला. माझ्या ताटात आधी भाकरी पडायला लागली, पापुद्रा सुटलेली, गरम. डोक्याला तेल लावून देऊ का, विचारायला लागल्या. एकदा मी घरामागच्या परड्यात कपडे वाळत घालत होते तेव्हा दगडी गडग्यापलीकडच्या नीलव्वाला त्या सांगत होत्या, "माझी सून कामात असती, पर कान देऊन ऐकती बघ. एवढं माझ्या मालकांनी पण कधी ऐकलं न्हाई." मी चिमटा दातात धरून तशीच उभी राहिले. लाज वाटली. पण खरं सांगते, बरंही वाटलं. भांडण नको, कटकट नको, वर गरम भाकरी. म्हटलं, यात कुणाचं काय जातंय?

मग एक दिवस संध्याकाळी मी काम संपवून बाहेर आले तर आईंचे डोळे रडून सुजलेले होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी माझा हात धरला.

"आज लई हलकं वाटतंय बघ. इतकी वर्सं छातीवर धोंडा हुता."

मी फोनकडे चोरून बघितलं. आईंशी गप्पा. कौटुंबिक आठवणी. तातडीचं काही नाही.

आईंनी कनवटीला लावलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. खणाचं इवलंसं झबलं होतं, जांभळं, नारळी काठाचं. "हे तुझ्याजवळ असू दे. कुणाचं ते तुला ठाऊक हाय. महांतेशला न्हाई, कुणालाच न्हाई."

त्याच वेळी विचारायला हवं होतं. "आई, मी ऐकलं नाही, परत सांगा." एवढंच. पण ते म्हणायचं तर बाकीचं सगळं म्हणावं लागलं असतं. मी मान हलवली. आईंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

झबलं महांतेशचं असेल, असं मी ठरवून टाकलं. कापड मऊ होतं. गळपट्टीच्या डबीत पट्टी घासू नये म्हणून मी ते तिच्याखाली घातलं. आता लिहितानाही हात आखडतो, पण घातलं.

उन्हाळा लागला आणि घरात मिरची आली. वर्षाची चटणी करायची म्हणून सोप्यावर संकेश्वरी मिरचीचा ढीग पडला. आई भिंतीला टेकून दिवसभर देठं काढायच्या आणि बोलायच्या. मला आतून त्यांचे फक्त हात दिसायचे, आणि ओठांची हालचाल. अधूनमधून त्या माझ्याकडे बघून हसायच्या, मीही हसायचे. कानात माझ्या हॅम्बुर्ग चालू असायचं.

त्या दिवसांत काही बारीकसारीक घडलं. आईंनी चहा कपाच्या शेजारी ओतला. दाराच्या उजव्या चौकटीला त्यांचा खांदा लागला, मग परत एकदा लागला. मी म्हटलं, "आई, जरा बघून चाला की." त्या म्हणाल्या, "व्हय गं," आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की जणू मी आणखी काही बोलणार आहे. मी लॅपटॉपचं चार्जर शोधायला गेले.

रविवारी महांतेश घरी होता. जेवताना त्यानं आईंच्या उजव्या बाजूनं आमटीची वाटी पुढं केली. आईंनी घेतली नाही. त्यानं परत केली. "आई, वाटी घे ना."

"कुठं हाय?"

तो उठला, त्यांच्या डाव्या डोळ्यावर हात धरला आणि बोटं दाखवली. "किती?"

आईंनी त्याची बोटं चाचपायला हात पुढं केला.

तासाभरात आम्ही कोल्हापूरच्या रस्त्याला लागलो.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, पण बोलायला खमकी. तपासून झाल्यावर तिनं खुर्ची मागं सरकवली. "उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. भिंतीला ओल धरली की रंगाचा पोपडा सुटतो ना, तसा. आधी एका कडेला बारीक फट पडते. तेव्हा डोळ्यापुढं काळे ठिपके येतात, वीज चमकल्यासारखं होतं. मग त्या फटीतून पाणी आत शिरतं आणि कडेकडेनं पडदा निघत येतो. मधला भाग शाबूत आहे तोवर आलात तर बहुतेक वेळा नजर वाचते. यांचा मधलाही सुटलाय." मग आईंकडे वळून तिनं विचारलं, "आजी, हे कधीपासून?"

आईंनी आधी माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. मग त्या डॉक्टरला म्हणाल्या, "कालपासून."

"कालपासून असं होत नाही आजी. चांगले दोन-तीन आठवडे झालेत."

"कालच ध्यानात आलं बघा."

शस्त्रक्रियेची तयारी करायला नर्स त्यांना आत नेत होती. महांतेश औषधं आणायला खाली गेला होता. आईंनी मला जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "तू जिवाला लावून घेऊ नको. तुला सांगितलं हुतं ते मी त्याला न्हाई बोलणार. कामाच्या नादात ऱ्हातं एखादं."

"काय सांगितलं होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

आईंना वाटलं, मी साळसूदपणा करतेय. त्या समजुतीनं हसल्या. "मिरच्या निवडताना न्हाई का म्हणलं, उजव्या डोळ्याच्या कडंला काजळी धरल्यागत वाटतंय, मधीच वीज चमकतीया? तू म्हणालीस, हं, बघू. म्हणलं शिकलेली हाय, बघू म्हणती म्हंजे बघंल. मग चार दिसांनी परत म्हणलं. परत तू बघू म्हणालीस." त्यांनी माझा खांदा थोपटला. "जा. चहा घे जा. तोंड बघ कसं झालंय."

नर्स त्यांना घेऊन गेली आणि मी भिंतीला पाठ लावून खाली बसले.

एक गोष्ट मला तिथंच लख्ख कळली. पट्टी हजारो घरांतले आवाज ऐकून तातडी ओळखायला शिकली होती. संकट आलं की माणसं ओरडतात, हे ती शिकली होती. पण माझ्या सासूबाईंसारख्या बायका पालीला ओरडतात. स्वतःच्या दुखण्याला त्या ओरडत नाहीत. ते त्या मिरचीच्या भावाच्या आणि नीलव्वाच्या पोरीच्या मध्ये, त्याच सुरात, देठं काढता काढता सांगतात. सांगून झालं की लगेच पुढं जातात, म्हणजे ऐकणाऱ्याला ओझं नको. ते ऐकायला माणूस लागतं, आणि माणूस तर पाच हातांवर बसलं होतं, हेडफोन लावून, मधूनच हसत.

ऑपरेशन झालं. डोळ्याला उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही.

घरी आल्यावर महांतेशनं आईंना फैलावर घेतलं. "सांगायचं नाही का कुणाला? मी इथं नसतो, पण मृणाल दिवसभर घरात असते ना? एक शब्द बोलता आला नाही तुला? वटवट तर दिवसभर चालू असते!"

आई डोळ्यावर पट्टी बांधून खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. "चुकलं बाबा," त्या म्हणाल्या.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. एक पाऊल पुढं टाकायचं आणि बोलायचं. चहावर साय धरली.

कंपनीला मी लिहिलं, सगळं लिहिलं. उत्तर फार सभ्य आलं. त्यांना आईंबद्दल वाईट वाटत होतं. उपकरण ठरल्याप्रमाणेच चाललं होतं. पुढच्या आवृत्तीत आरोग्याच्या शब्दांची भर घालणार होते. मी ते पत्र बंद केलं. आणि खरी लाज इथं आहे: पुढच्या सोमवारी सकाळी वरिष्ठांची मीटिंग होती आणि आई सोप्यावर बोलत होत्या, तेव्हा माझा हात आपोआप डबीकडं गेला आणि मी पट्टी गळ्याला लावली. लावल्यावर आतून दिसलं, की आई चाचपडत मिरचीची पाटी ओढतायत, बोलतायत, आणि मी काही न म्हणताही त्यांचा चेहरा खुलतोय. "अगं बाई," माझा आवाज त्यांना म्हणाला असणार. मी पट्टी ओरबाडून काढली. गळ्यावर लाल वळ उठला.

मला दोन वाटा दिसत होत्या, आणि दोन्ही वाईट. गप्प बसले तर आईंच्या लेखी मी ती सून, जिनं दोनदा ऐकलं आणि काणाडोळा केला, आणि जिला त्यांनी उदार मनानं पोटात घातलं. खरं सांगितलं तर तो डाग पुसला जाणार, पण मग इतके महिने कान देऊन ऐकणारी सून मुळात नव्हतीच, हे त्यांना कळणार. एक डोळा गेला होता. आता त्यांच्याजवळ जे उरलं होतं, तेही मीच काढून घेणार होते. गप्प बसणं हीच दया आहे, असं मी मनाला चार दिवस बजावलं. मन काही ऐकेना. कारण आई आता माझी आणखीच काळजी घ्यायला लागल्या होत्या. मला अपराधी वाटू नये म्हणून! भाकरी चाचपत थापायच्या, बोटं भाजून घ्यायच्या, आणि पहिली माझ्या ताटात.

पाचव्या दिवशी दुपारी आई परड्यात मिरच्यांना ऊन दाखवत होत्या. मी काम बंद करून त्यांच्यापुढं जाऊन बसले. डबी बरोबर घेतली होती. सगळं सांगितलं. पट्टी, हुंकार, चौकटीवरची सुपारी, सगळं. सांगताना एकदाही त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. "त्या दिवशी तुमचं डोळ्याचं मी ऐकलं नव्हतं आई. मी ऐकून टाळलं असं नाही. मी ऐकतच नव्हते. कधीच."

आईंनी आणखी एक मूठ मिरच्या पसरल्या. मग म्हणाल्या, "कधीच म्हंजे?"

"गणपतीपासून."

त्यांचे हात थांबले. "मग मी थोरलीचं सांगितलं तवा?"

थोरली? महांतेश तर एकुलता एक.

"तू म्हणालीस की 'अगं बाई गं,'" आई म्हणाल्या. "मग किती वेळ गप्प ऱ्हायलीस. मला वाटलं, रडतीस. म्हणून मी पण रडून घेतलं."

"त्याला कळतं, आई. कुठं गप्प राहायचं ते."

"कुणाला?"

मी डबी उघडली. पट्टीखालून जांभळं झबलं बाहेर डोकावत होतं. ते तिथं आहे हे मी विसरलेच होते. आईंनी डाव्या डोळ्यानं, मान वळवून, ते बघितलं.

"मग सांग बघू," त्या अगदी हळू म्हणाल्या. आवाज ना चढलेला, ना कापणारा. "काय नाव हुतं तिचं?"

मला काय नाव माहीत असणार? आईंनी पट्टी उचलून बाजूला ठेवली, झबलं बाहेर काढलं, मांडीवर ठेवून सरळ केलं, घडी घातली आणि कनवटीला लावलं. त्या चिडल्या असत्या, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मी पाय धरले असते. त्या चिडल्या नाहीत.

"महांतेशला सांगू नको यातलं काही," एवढंच म्हणाल्या. "तुमा दोघांचं तोंड कशाला कडू."

"परत सांगाल मला? आई? आता मी…"

"ते एकदाच सांगायचं असतंय, पोरी. सांगून झालं."

त्या दिवसापासून आई बोलायच्या बंद झाल्या. रुसल्या असं नाही. भाकरी वाढत होत्या, औषध घालायला डोळा पुढं करत होत्या. पण सोपा गप्प झाला. आता खऱ्या अर्थानं आमची शांत गल्ली झाली. मी गळपट्टी परत करून टाकली, दाराच्या चौकटीवरची सुपारी उपटून काढली आणि कंपनीला कळवलं की दुपारचे दोन तास मी कुणालाही मिळणार नाही. त्या दोन तासांत मी सोप्यावर आईंच्या डाव्या बाजूला बसायचे, कारण उजवीकडचं त्यांना दिसत नाही. देठं काढायला घ्यायचे. आणि त्या बोलत नाहीत म्हणून मीच बोलायचे. जर्मन साहेबाचं, माझ्या पुण्याच्या मावशीचं, कॉलेजातल्या नाटकात पडदा अडकला होता त्याचं. जे सुचेल ते.

आई म्हणायच्या, "हं."

"बरं."

"मग?"

अगदी वेळेवर. माझा आवाज उतरला, श्वास घ्यायला थांबले, की "हं." चूक काढायला जागा नाही. चेहरा मिरच्यांकडे, बोटं देठांवर. पहिल्या दिवशी मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, आणि बोट मिरचीचं असतानाच मी डोळा पुसला. बरी आग झाली. झोंबू दे म्हटलं.

तरी मी बसत राहिले. बसण्यावाचून दुसरं हातात होतं काय? चटणी झाली, मग लसूण आला, मग चिंच आली. मी बोलत होते, त्या हुंकार देत होत्या. कधीकधी वाटायचं, हेच बरोबर आहे. जेवढं दिलं तेवढं मिळतंय.

एक दिवस मी चिंचोके काढत काढत असंच काहीतरी सांगत होते. "कोथिंबीर काय महागलीय आई, एवढीशी जुडी. नीलव्वांची मोठी मुलगी आलीय बाळंतपणाला, पायाला सूज दिसली जरा. परवा माडीवर गादी घालायला चढले तर छातीत धडधडायला लागलं, डाव्या हाताला मुंग्या आल्या, मग बसले पायरीवर. आणि त्या पोस्टातल्या बाईंची बदली झाली म्हणे, नवीन आलेत ते…"

"हं" पडला नाही.

मी वर बघितलं. आईंच्या हातातली चिंच तशीच होती. त्यांनी आख्खी मान वळवली, डावा डोळा माझ्यावर येईल अशी, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"काय म्हणालीस?"

"पोस्टातल्या बाई…"

"पायरीवर का बसलीस?"

"काही नाही हो आई. जरा धडधडलं. होतं कधीकधी. झोप नाही ना हल्ली धड."

"कधीपासून?"

डॉक्टरणीनं विचारलेलं तेच. माझ्या तोंडात उत्तरही तेच आलं. "कालपासून."

"खोटं बोलू नको," आई म्हणाल्या. "ती माझी थाप हाय. माझ्यावरच चालवतीस व्हय?" त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला लोटलं आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "ऊठ. चप्पल घाल."

"आई, तीन वाजता मीटिंग आहे. उद्या जाऊ, बघू…"

"बघू म्हणू नको मला!"

एवढा मोठा आवाज या गल्लीत कित्येक दिवसांत निघाला नव्हता. आई दारात गेल्या, उजवा खांदा चौकटीला आपटला, तिकडं लक्षही न देता त्यांनी तोंडाभोवती हात धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "ए रिक्षाऽऽ!" समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. गळ्याला पट्ट्या लावलेली माणसं बाहेर डोकावली आणि ओठ न हलवता आमच्याकडे बघत राहिली. कोपऱ्यावरचा रिक्षावाला धावत आला.

रिक्षात आईंनी मला आपल्या डाव्या हाताला बसवलं आणि माझं मनगट धरून ठेवलं.

"आता सांग. पहिल्यापासून. काय गाळू नको."

मी सांगायला लागले. धडधडीचं, झोपेचं, चहाच्या ट्रेचं, सोमवारी परत लावलेल्या पट्टीचं. बसस्टँड आलं, मागं गेलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि एकदाही "हं" म्हणाल्या नाहीत.

डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या, जिवावरचं काही नाही म्हणाले. त्या दिवसापासून आई थोडंथोडं बोलतात. कढीपत्ता आणलास का, विचारतात. मी हातातलं टाकून उठते आणि समोर जाऊन उत्तर देते. झबलं अजून त्यांच्या कनवटीला असतं. थोरलीचं नाव मला माहीत नाही, आणि विचारायला माझं तोंड नाही.